डावी करंगळी

मंगळवारी वाचनालयात मी फोनवाला असतो.
बाकीचे दिवस पुस्तकं. मंगळवारी दहा ते बारा
क्लाक्सविकची माणसं येतात
आपापले बंद दरवाजे खिशात घेऊन.

मालान कुनॉय बेटावरून आली, साडेनऊच्या बसने.
धुकं अजून कोटाच्या बाहीवर होतं.
"बाराव्यांदा विसरले," म्हणाली,
वाण्याला सांगावं, मीठ संपलं, तशी.

मुलगी रानवा डेन्मार्कात. नातू तीन महिन्यांचा.
त्याचे फोटो रोज येऊन पडतात त्या निळ्या चौकटीत
आणि ही उंबऱ्याबाहेर, शब्द आठवत.
पहिला शब्द होता मेंढीचं नाव.
मग मेंढीचं नाव आणि साल.
मग म्हणे एक अक्षर मोठं हवं, एखादी खूण हवी,
मग म्हणे हा तर आधी वापरलाय.
"मेंढ्या संपल्या माझ्या," ती म्हणाली.
"आणि आमच्याकडे दाराला कडी असते ती वाऱ्यासाठी."

मी समजावलं: आता शब्दच नको.
बोट टेकवायचं, की आत.
किल्ली फोनच्या पोटात राहते,
कुणाला चोरता येत नाही, कुणाला देताही येत नाही.
"देताही येत नाही?"
हे तिला फारसं पटलं नसावं.

उजवा अंगठा. नाही.
पुसून, पुन्हा. नाही.
तर्जनी. नाही. मधलं बोट, हलकेच, मग दाबून. नाही.
एकतीस वर्षं मासळीच्या कारखान्यात,
आधी कॉड, मग सामन,
बर्फ, खारं पाणी, सुरी, पोलादी टेबल,
आणि सुरुवातीची वर्षं तर हातमोजेही नावाचेच.
किनाऱ्यावरच्या गोट्यांना असतात का रेषा?
बोट ओळखता आले नाही, फोन म्हणाला. कृपया पुन्हा प्रयत्न करा.
फोन फार नम्र होता.
मालान हसली. "कारखान्याने ठेवून घेतलं वाटतं मला."

माझ्या पोटात कुठंतरी लाज दाटली,
जणू मीच तिला विचारत होतो, बाई, तू कोण?

डाव्या हाताची चार बोटं झाली.
राहिली करंगळी.
आठ वर्षांची असताना नावघराच्या दारात चिरडलेली,
वाकडीच जुळलेली,
तेव्हापासून कशातच न पडणारी.
सुरीवर नाही, दोरावर नाही,
कामाच्या घाईत बाजूला उभी,
लग्नघरी कुणी न ओळखणाऱ्या पाहुण्यासारखी.
तिने काहीच उचललं नव्हतं आयुष्यात.

ती टेकवली.
थोडी तिरकी करून, पुन्हा.
पडद्यावर हळूहळू रेषा भरत गेल्या,
बारीक, गोल, कोवळ्या,
आठ वर्षांच्या मुलीच्या असाव्यात तशा.

नातू उघडला. तोंडात अख्खी मूठ.
मालानने घाईने केस मागे सारले,
मग म्हणाली, "हे फारच पटकन होतं.
शब्द आठवेपर्यंत
चेहरा आवरायला वेळ मिळायचा."

अडीनडीसाठी एक लांबलचक आकडा दिला मी, कागदावर.
कुणाला दाखवू नका, असं तीनदा बजावलं.
पुढच्या मंगळवारी कळलं,
तिने तो तीन शेजारणींकडे ठेवलाय, एकेक नक्कल करून,
एकीकडे पिठाच्या डब्यात,
एकीकडे बायबलात,
एकीला तर पाठच झालाय.
"हरवला तर?" तिने मलाच विचारलं.
सुरक्षेवरचं माझं भाषण
तिथंच घशात राहिलं.

परवा बसथांब्यावर दिसली.
धुकं इतकं, की आधी हात दिसले, मग ती.
राखाडी लोकरीचे घरचे मोजे,
डाव्याच्या करंगळीचं टोक मुद्दाम उघडं ठेवलेलं,
कडेने लाल धाग्याची शिवण.
थंडीने ते बोट जांभळं पडलं होतं.
ती त्यावर फुंकर घालत होती.